‘नको’चा धडा

सासऱ्यांचा फोन रोज सकाळी तोच खेळ करायचा, आणि सुनेनं तो कितीतरी दिवस पाहूनही पाहिला नव्हता.

सासरे खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे, फोन मांडीवर ठेवायचे आणि धड राहिलेल्या डाव्या हाताच्या बोटानं अ‍ॅप उघडायचे. ‘नवे धडे उघडत आहोत, थांबा’ अशी पाटी यायची. तिच्याखाली एक हिरवी पट्टी सरकत सरकत अर्ध्याच्या पुढे जायची, जरा अडखळायची, आणि मग सगळं अ‍ॅपच गडप व्हायचं. ना निरोप, ना माफी. सासरे रिकाम्या पडद्याकडे बघायचे, “बरं” म्हणायचे आणि पुन्हा बोट टेकवायचे.

सून तेवढ्यात ओट्यापाशी उभ्या उभ्या चहा प्यायची. म्हाताऱ्यांचा अभ्यास चाललाय, असं तिला वाटायचं. वाटायचं म्हणजे तरी काय, त्या दिवसांत तिला फारसं काही वाटतच नव्हतं. दातवाल्यानं भूल दिली की गाल आपलाच असतो, पण चावला तरी कळत नाही, तसं तिचं चाललं होतं. नवरा घर सोडून गेल्याला बरेच महिने झाले होते. रडून मोकळी हो, असं बहिणीनं सांगितलं, मैत्रिणीनं सांगितलं, खालच्या मजल्यावरच्या काकूंनीसुद्धा जिन्यात गाठून सांगितलं. तिनं एकदा खरोखर पलंगावर बसून प्रयत्न केला. काही आलं नाही, तेव्हा उठून धुतलेले कपडे घड्या करून ठेवले.

सासरे मात्र तिच्याकडेच राहिले होते. त्यांच्या मेंदूतली एक रक्तवाहिनी तुंबली, उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली, ते मुलगा जायच्या आधीच. मुलाची नवी जागा तिसऱ्या मजल्यावर होती आणि लिफ्ट नव्हती. “तळमजला मिळेपर्यंत बाबांना तुझ्याकडे राहू देशील?” असं त्यानं विचारलं होतं. “चालेल,” ती म्हणाली होती. तिला त्या दिवसांत सगळंच चालत होतं.

आणि सासऱ्यांना सगळंच बरं होतं. आयुष्यभर बसचा कंडक्टर असलेला हा माणूस, भरल्या बसला हसवत हसवत तिकिटं फाडणारा, बायकोच्या माहेरच्यांना बोलून बोलून घायकुतीला आणणारा. त्याच्या तोंडात देवानं एवढा एकच शब्द शिल्लक ठेवला. जेवायला वाढू? बरं. टीव्ही बंद करू? बरं. बाबा, तुमचा मुलगा घर सोडून गेलाय. बरं. मान हलवून तरी हो-नाही सांगतील म्हणावं, तर मानही कधी उभी हलायची, कधी आडवी, आणि दोन्हींचा प्रश्नाशी संबंध असेलच असं नाही. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “त्यांना कळतं बरंचसं. पण ते जे म्हणतात, ते त्यांना म्हणायचं असतंच असं धरू नका.”

आता योगायोग म्हणा किंवा नशिबाची थट्टा म्हणा, सून ज्या कचेरीत कामाला होती तिथंच हे अ‍ॅप तयार झालं होतं. अर्धांगवायूनंतर वाचा गेलेल्यांसाठीचं अ‍ॅप. त्यात त्याच बाईंचा चेहरा जवळून दिसायचा, ओठ कसे मिटायचे, जीभ कुठं लावायची, हे त्या सावकाश करून दाखवायच्या. असे शेकडो व्हिडिओ. ते सगळे एका मोठ्या झिप फाइलमध्ये बांधून पाठवायचे आणि फोननं ते गाठोडं आपल्या आपण सोडायचं. कोड एकदाच लिहायचा, तो दोन्ही जातींच्या फोनवर चालायचा. हा गाठोडं सोडण्याचा भाग लिहिला होता नवऱ्यानं. तोही तिथंच कामाला होता, घर सोडलं त्याच महिन्यात त्यानं कचेरीही सोडली.

कचेरी म्हणजे शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. शिलाई मशिनं चालू झाली की पायाखालची फरशी गुणगुणायची. मालक कायम बगलेत चहाचा थर्मास घेऊन हिंडायचे, म्हणून त्यांचं नाव थर्मास. तोंडावर सर, पाठीमागे थर्मास.

त्या सोमवारी सून निघायच्या घाईत खुर्चीमागून गेली, तेव्हा पट्टी अर्ध्याच्या पुढे येऊन अ‍ॅप गडप झालेलं तिनं पाहिलं. सासरे “बरं” म्हणाले. पुन्हा बोट टेकलं, पुन्हा पट्टी, पुन्हा गडप. “बरं.” ती पर्स खांद्याला लावून तशीच उभी राहिली.

“बाबा, हे रोज असंच होतं?”

“बरं,” सासरे म्हणाले, आणि पुन्हा बोट टेकवलं.

जुने धडे फोनमध्ये शाबूत होते. पण नव्यांची धडपड दारातच चाललेली, त्यामुळे आत जायला वाटच नव्हती. म्हणजे नवी आवृत्ती आल्यापासून या माणसानं एकही धडा बघितलेला नव्हता. रोज नेमानं बसून फक्त दार वाजवलं होतं.

कचेरीत तिनं हे सांगितलं तेव्हा थर्मास चहा ओतत होते. “पण तक्रार एकही आलेली नाही,” ते म्हणाले. “मी सगळ्यांना सांगतोय, एवढी बिनतक्रार आवृत्ती आपण आजवर काढली नाही.”

“तक्रार करणार कोण?” सून म्हणाली. “बोलता येत नाही म्हणून तर अ‍ॅप घेतलंय त्यांनी.”

थर्मासनी कप खाली ठेवला. खालचं मशीनही नेमकं तेव्हाच थांबलं.

“आणि फोननं मेमरी कमी पडते म्हणून अ‍ॅपचा गळा दाबला, तर अ‍ॅपला मरताना काही लिहून ठेवता येत नाही,” ती पुढं म्हणाली. “आपल्याकडचे फोन महागाचे. त्यांना काही होत नाही. स्वस्तातले, जुने, घरात कुणी टाकून दिलेले फोन असतात ना, ते म्हाताऱ्यांच्या वाट्याला येतात. ते सगळे मरत असणार.”

“त्याला विचार,” थर्मास म्हणाले, आणि मग जीभ चावली. “म्हणजे, कोड त्याचा आहे म्हणून म्हटलं. नाही विचारलंस तरी...”

“चालेल,” ती म्हणाली आणि फोन घेऊन जिन्यात गेली.

नवऱ्यानं लगेच उचलला. “बोल. बाबा बरे आहेत ना?”

“बरे आहेत. झिपचं विचारायचं होतं. तू अख्खी फाइल एकदम मेमरीत घेतोस.”

“तेव्हा फाइल लहान होती गं. आता केवढी झालीय?”

तिनं सांगितलं. त्यानं शीळ घातली. “मग तुकड्या-तुकड्यानं वाच. थोडं घ्यायचं, लिहायचं, सोडून द्यायचं. आणि हे काम दोन्ही फोनच्या सामाईक कोडमध्ये ठेवू नकोस, प्रत्येक तुकडा तिकडून इकडे आणण्यातच जीव जाईल. फोनच्या स्वतःच्या बाजूला दे ढकलून. आपल्याला फक्त किती झालं तेवढा आकडा येऊ दे.”

“ते माहितेय.”

“आणि काहीही कर, पण जुनं आधी पुसू नकोस. नवं बाजूला पूर्ण उभं राहू दे, नीट तपास, आणि मग एका झटक्यात अदलाबदल. वापरणाऱ्याला कळतसुद्धा नाही.”

“हो,” ती म्हणाली. “कळत नाही.”

मग तो म्हणाला, “अजून एक. तळमजला मिळालाय. रविवारी येतो बाबांना न्यायला. खोली तयार आहे, बाथरूममध्ये धरायला दांड्या बसवल्यात, पलंगही उंच करून घेतलाय. बाबांशी काल फोनवर बोललो. विचारलं, येणार ना? बरं म्हणाले.”

“ते सगळ्यालाच बरं म्हणतात.”

“पण नको तर नाही ना म्हणाले. चालेल ना तुला?”

“चालेल,” तिनं सांगितलं.

फोन ठेवून ती जिन्यातच उभी राहिली. तिला त्याची ती पहिली नवी जागा आठवली. गेल्यावर कळलं होतं, की तो निघाला त्याच्या कितीतरी आधी ती घेतलेली होती. पडदे शिवून झाले होते, भांडी लागली होती, टॉवेल अडकवायला खिळेसुद्धा ठोकून झाले होते. सगळं बाजूला उभं करून, नीट तपासून, मग एका सकाळी तो फक्त दाढीचं सामान घेऊन निघाला. माणूस धंद्यातली शिस्त घरीही पाळतो म्हणतात, ते काही खोटं नाही. राग यायला हवा होता. तिनं जरा वाट पाहिली, आला नाही, तेव्हा ती वर जाऊन कामाला बसली.

तुकड्या-तुकड्यानं वाचण्याचं काम तसं सरळ होतं. झिप फाइलची अनुक्रमणिका शेवटी असते. ती आधी शेपटाकडून वाचून घ्यायची, मग एकेका व्हिडिओपाशी जायचं आणि हौदातून तांब्यानं पाणी काढावं तसं थोडं थोडं काढून लिहायचं. हौद अख्खा डोक्यावर घ्यायची गरज नाही. दोन्ही जातींच्या फोनसाठी ते वेगवेगळं लिहावं लागलं, त्यात दोन दिवस गेले. कचेरीत सगळ्या फोनवर गाठोडं सुरळीत सुटलं. सून तो कोड घेऊन घरी आली आणि सासऱ्यांच्या फोनवर चढवला. पट्टी अर्धं ओलांडून पुढे गेली. सासरे खुर्चीत पुढे सरकले. मग पट्टी थांबली आणि पाटी आली, ‘जागा शिल्लक नाही’.

मरण्याऐवजी निदान बोललं तरी, एवढी सुधारणा.

भानगड सरळ होती. नवं पूर्ण उभं राहीपर्यंत जुनं हलवायचं नाही, म्हणजे दोन्ही मावतील एवढी जागा हवी. ज्याच्याकडे दोन घरांची ऐपत आहे त्याला ती शिस्त परवडते. या बापड्या फोनमध्ये एकाच घराची जागा होती. जुनं आधी पुसावं, तर मध्येच वीज गेली, बॅटरी संपली, म्हाताऱ्यांचं बोट भलतीकडे पडलं, की जुनंही नाही आणि नवंही नाही.

तिनं बाईंना फोन केला. “नव्या धड्यांत असं काय आहे, जे जुन्यांत नव्हतं? म्हणजे त्यांना जुनेच परत उघडून दिले तर?”

“जुन्यांत नुसते आवाज होते, आ, ऊ, मा,” बाई म्हणाल्या. “नव्यांत शब्द आहेत. पहिलाच शब्द ‘नको’. मुद्दाम ठेवलाय. वाचा गेलेल्या माणसाला लोक उचलतात, बसवतात, नेतात, आणि त्याला थांबा म्हणता येत नाही. म्हणून आधी ‘नको’ शिकवायचं, बाकीचं मागनं.”

सुनेनं फोन ठेवला. रविवार जवळ आला होता. मुलगा येऊन विचारणार, बाबा, येताय ना? बाबा म्हणणार बरं, आणि बॅग भरली जाणार. त्यांना जायचं असेल तर जाऊ देत, त्यांचाच मुलगा आहे, पोटचा आहे. पण नसेल जायचं तर ते सांगायला तोंडात शब्द तरी हवा. आपल्याला स्वतःला काय हवंय, हे तिनं स्वतःला विचारलं नाही. तो प्रश्न तिच्या डोक्याच्या वाटेला आलाच नाही म्हणा ना.

मग तिनं नवऱ्याची शिस्त मोडली. सगळं गाठोडं एकदम सोडायचंच नाही असं ठरवलं. एक धडा सोडायचा, तपासायचा, त्याच्या जागेवरचा जुना धडा पुसायचा आणि पुढच्याला हात घालायचा. मध्येच थांबलं तर काही धडे जुने, काही नवे, असं विजोड घर राहील, पण राहता येईल. फोन पुन्हा चालू झाला की जिथं थांबलं तिथून पुढे. थर्मासनी बघून तोंड वाकडं केलं. “हे काही सुबक दिसत नाही.”

“सुबक नाहीच ते,” ती म्हणाली.

शुक्रवारी सकाळी सासऱ्यांनी बोट टेकवलं आणि दार उघडलं. पडद्यावर बाईंचा चेहरा आला. “जीभ वरच्या दातांमागे. न. आता घशातून. को.” सासरे फोनकडे असे बघत राहिले, की जणू रोज रिकामी जाणारी बस आज थांब्यावर थांबली. मग त्यांनी तोंड उघडलं. आवाज आला नाही. परत उघडलं. दिवसभर ते तेच करत होते, असं दुपारी डोकावून गेलेल्या काकूंनी सांगितलं.

शनिवारी संध्याकाळी सून भाजी चिरत होती, तेव्हा मागून स्वच्छ, कंडक्टरी आवाज आला, “नको!”

सुरी तिच्या हातातून सुटली. ती धावत बाहेर आली. सासरे घामेघूम झाले होते आणि लहान पोरासारखे हसत होते. “नको,” ते पुन्हा म्हणाले. “नको!”

“वा, बाबा!” ती म्हणाली, आणि पुष्कळ दिवसांनी तिचं तिलाच ऐकू आलं, की आपला आवाज चढलाय. तिनं चहा केला. “घेता ना?”

“नको,” सासरे म्हणाले आणि कपासाठी हात पुढे केला.

ती थबकली. त्यांनी चहा आवडीनं, फुरके मारत संपवला. पंखा लावू? नको. लावला तर सुखावले. टीव्ही? नको, आणि रिमोटकडे बोट. झोपायचं? नको, म्हणत स्वतःच काठी टेकत पलंगाकडे निघाले. हळूहळू सगळा उजेड पडला. एक शब्द गेला होता आणि त्याच्या जागी दुसरा येऊन बसला होता. या घरातही जागा एकाचीच होती. एवढी उरस्फोड करून तिनं म्हाताऱ्यांना काय दिलं, तर एका आंधळ्या शब्दाऐवजी दुसरा आंधळा शब्द.

रविवारी मुलगा वेळेवर आला. रिकामी बॅग, बाबांसाठी नवे बूट, नाडीऐवजी चिकटपट्टीचे, एका हातानं काढता-घालता येतील असे. तो वाईट नव्हता, हीच तर पंचाईत होती. वाईट असता तर सोपं गेलं असतं. त्यानं खाली बसून वडिलांच्या पायांत मोजे घातले, बूट चढवले, पट्ट्या दाबून बसवल्या.

“बाबा, निघायचं ना आपल्या घरी?”

“नको,” सासरे म्हणाले.

मुलगा तसाच उकिडवा बसून राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. बापाच्या तोंडून महिनोन् महिन्यांनी नवा शब्द ऐकला, तो हा. “नको?” त्यानं विचारलं. “माझ्याकडे यायला नको?”

“नको,” सासरे ठणठणीत आवाजात म्हणाले.

मुलानं मान वर करून बायकोकडे पाहिलं. त्याचे डोळे भरले होते. “बरोबर आहे,” तो म्हणाला. “बरोबरच आहे त्यांचं.” आणि तो उठू लागला.

सून दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. नुसतं गप्प बसायचं होतं. एक अक्षर बोलायचं नाही, की झालं, तो बॅग उचलून गेला असता आणि जन्मभर मनाला लावून बसला असता. तिच्या मनात ते आलं, आलं नाही असं नाही. क्षणभर बरंही वाटलं.

“थांब,” ती म्हणाली. “बाबा, इथंच राहायचं का? माझ्याकडे?”

“नको,” सासरे म्हणाले.

“बघितलंस? चहालाही नकोच म्हणतात आणि दोन कप पितात. कालपासून सगळ्यालाच नको आहे. तुझ्यावर नाही ते.”

मुलगा पुन्हा खाली बसला. तो बापाकडे बघत होता, बाप त्याच्याकडे. “मग त्यांना काय हवंय हे कळायचं कसं?”

“नाही कळत,” सून म्हणाली. “त्यांना सांगता येत नाही.” तिनं चौकट हातानं धरली. “पण मला सांगता येतं. माझी वाचा काही गेलेली नाही. मला ते इथं हवेत. तू विचारलंस, तेव्हा मी चालेल म्हणाले, पण मला नाही चालत. ते गेले तर या घरात मी कुणासाठी दिवा लावू? तू गेलास तेव्हाही मी चालेलच म्हणाले होते. तेव्हाही नव्हतं चालत. मला नव्हतं रे चालत.”

आणि मग आलं. इतके महिने आलं नव्हतं ते सगळं, नाकातोंडातून, चौकटीला धरून, लाजेकाजेचा विचार न करता.

चर्रर्र असा आवाज झाला. सासरे वाकले होते. डाव्या हातानं त्यांनी डाव्या बुटाची पट्टी ओढून काढली होती. टाचेनं ढकलून त्यांनी बूट पायातून बाहेर काढला आणि काठीनं बाजूला सारला. मग ते उजव्या पायाकडे वाकले. तो त्यांच्या हाताला पोचेना. त्यांनी दोनदा प्रयत्न केला, दम लागला, आणि ते मुलाकडे बघत बसले.

मग त्यानं बापाचा उजवा पाय मांडीवर घेतला, पट्टी सोडवली आणि तो बूट स्वतःच्या हातानं काढला.

“दर रविवारी येत जाईन,” तो खाली बघत म्हणाला. “चालेल?”

सुनेनं पदरानं तोंड पुसलं आणि थोडा विचार केला.

“फोन करून ये,” ती म्हणाली.